आईने रमीक्यूब खेळणे का सोडले?

“डॉक्टर, आई हल्ली फार चुका करते. डिमेन्शियाची सुरुवात तर नाही ना?”

हा प्रश्न ओपीडीत मला नेहमी ऐकायला मिळतो. मी शांतपणे चार गोष्टी विचारतो, गरजेप्रमाणे तपासण्या लिहून देतो. पण हाच प्रश्न माझ्या घरात उभा राहिला, तेव्हा मी शांत राहिलो नाही, आणि चुकलोही. ती चूक आज सांगतो, कारण ती कोणाच्याही घरी होऊ शकते.

मागच्या दिवाळीत मुलाने पुण्याहून येताना रमीक्यूब हा खेळ आणला. ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पत्त्यांऐवजी यात १०६ सोंगट्या असतात. १ ते १३ आकडे, काळा, निळा, लाल आणि केशरी असे चार रंग, प्रत्येकाचे दोन संच, आणि दोन जोकर. प्रत्येकाने १४ सोंगट्या आपल्या स्टँडवर लावायच्या. एकाच रंगाचे ओळीने आकडे किंवा एकच आकडा वेगवेगळ्या रंगांत, अशी किमान तिघांची जुळणी करायची. पहिल्यांदा उतरताना किमान ३० गुण लागतात. खरी मजा पुढे आहे. टेबलावर मांडलेल्या जुळण्या मोडून, फिरवून नव्याने लावता येतात. रुमानियात जन्मलेल्या आणि पुढे इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या एफ्राइम हर्टझानो यांनी हा खेळ तयार केला. १९८० साली त्याला जर्मनीतला ‘वर्षातील सर्वोत्तम खेळ’ हा पुरस्कारही मिळाला.

आमच्या घरी याची खरी चाहती निघाली ती आई. वय ७८. रमीत आयुष्यभर तिने आम्हाला हरवले आहे. बाबा गेल्यापासून ती रात्रीचे जेवण झाले की आपल्या खोलीत जायची. या खेळाने तिला पुन्हा हॉलमध्ये आणले. शेजारचे दोघे नवरा-बायकोही येऊ लागले. खेळ चौघांचा, उरलेले मागे बसून नको ते सल्ले देणार. दहा-अकरा कधी वाजायचे कळायचे नाही.

दोन-तीन महिन्यांनी आई चुकायला लागली. निळ्या ६ आणि ७ पुढे काळा ८ लावायची. “आजी, तो काळा आहे गं,” नातू म्हणायचा. ती “हो रे” म्हणून उचलायची आणि दोन डावांनी पुन्हा तेच. शेजारी हसून सोडून द्यायचे. मी मात्र आतून हादरलो होतो. हळूहळू ती म्हणायला लागली, “तुम्ही खेळा, मला झोप येतेय.” मग बसेनाशीच झाली.

माझ्या मनाने निदान करून टाकले होते. वय, चुका, माणसांतून अंग काढून घेणे, सगळे जुळत होते. मी जेवताना सहज विचारल्यासारखे तिला वार-तारीख विचारायला लागलो. काल भाजी कोणती होती, पंतप्रधान कोण, शंभरातून सात गेले किती. चौथ्या दिवशी ती उखडली. “त्र्याण्णव! आणि मी तुझी पेशंट नाही, आई आहे.” उत्तरे बरोबर होती. तरी मी स्वतःची समजूत घातली की अगदी सुरुवातीला असे असू शकते.

कोडे सोडवले माझ्या बायकोने. ती डॉक्टर नाही. ती म्हणाली, “अहो, त्या आकड्यात कधीच चुकत नाहीत. लाल-केशरीतही नाही. फक्त निळ्या-काळ्यात चुकतात. आणि तेही रात्रीच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत उन्हात बसून मी आईसमोर निळ्या आणि काळ्या सोंगट्या मिसळून ठेवल्या. थोडे अडखळत तिने जवळजवळ सगळ्या बरोबर वेगळ्या केल्या. त्याच सोंगट्या रात्री हॉलच्या पिवळ्या दिव्याखाली ठेवल्या, तर निम्म्या चुकल्या. नेत्रतज्ज्ञांकडे नेले. दोन्ही डोळ्यांत चांगला वाढलेला मोतीबिंदू.

आपल्या डोळ्यातले नैसर्गिक भिंग वयानुसार पिवळसर, पुढे तपकिरी होत जाते. असे भिंग निळा प्रकाश अडवते. त्यामुळे गडद निळा रंग काळपट दिसू लागतो, आणि उजेड कमी आणि पिवळा असेल तर फरक आणखीच पुसला जातो. हा बदल इतका सावकाश होतो की माणसाला स्वतःला कळत नाही. “ती तर रोज पेपर वाचते, डोळे ठीकच असणार,” असे मी धरून चाललो होतो. पण सकाळच्या उजेडात, पांढऱ्यावर काळे, ठळक अक्षर वाचता येणे म्हणजे दृष्टी उत्तम असणे नव्हे.

एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. त्याच दिवशी ती घरी आली. दोन दिवसांनी तिने विचारले, “हा पडदा निळा आहे होय रे?” पाच वर्षे तो पडदा तिथेच आहे. मग म्हणाली, “तुम्ही सगळे माझ्याकडे असे बघायचात, की मलाच वाटलं, आपलं डोकं गेलं. म्हणून उठून जायचे.”

हे वाक्य मला लागले. मी तिच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेत होतो आणि ती भीतीने एकटी पडत होती.

आता मुद्द्याचे. खेळांनी डिमेन्शिया टळतो का? २००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ७५ वर्षांवरील ४६९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बैठे खेळ, वाचन, वाद्यवादन, नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाचे प्रमाण कमी आढळले. पण खेळामुळे मेंदू टिकतो, की मेंदू थकायला लागला की माणूस खेळ सोडतो, हे अशा अभ्यासातून ठरवता येत नाही. त्यामुळे रमीक्यूबला मी औषध म्हणणार नाही. मात्र २०२४ च्या ‘लॅन्सेट’ आयोगाने डिमेन्शियाचे जे १४ टाळता येण्याजोगे धोके सांगितले, त्यांत उपचार न केलेली अधू दृष्टी, कमी ऐकू येणे आणि एकटेपणा हे तिन्ही आहेत. आईच्या बाबतीत पहिल्याने तिसरा ओढवून घेतला होता.

म्हणून घरातले ज्येष्ठ माणूस आवडता खेळ, वाचन किंवा गप्पा सोडू लागले, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. बी-१२, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही विसराळूपणासारखी लक्षणे दिसतात, आणि त्यांवर उपचार आहेत. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, पैशांच्या व्यवहारात गोंधळ, औषध दोनदा घेणे, हे दिसले तर मात्र वेळ न घालवता डॉक्टरांना भेटा. घरच्या घरी परीक्षा घेऊ नका. आणि चूक नेमकी कुठे, केव्हा, कोणत्या उजेडात होते, ते लिहून आणा. ती माहिती आम्हाला फार उपयोगी पडते.

आई आजही चष्मा कुठेतरी ठेवते आणि शोधत बसते. तेवढे मीही करतो. हॉलमध्ये आता पांढरा, मोठा दिवा आहे. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. तोवर माझी जिंकण्याची शक्यता थोडीफार शिल्लक आहे.