वेलावर राहिलेलं तवसं

श्रावणात परसातल्या मांडवावर तवशांची गर्दी होते. तवसं म्हणजे कोकणातली पावसाळी काकडी. कोवळी असते तोवर ती सगळ्यांना हवी असते. मीठ-तिखट लावून खावी, कोशिंबीर करावी, ऋषिपंचमीच्या भाजीत घालावी, शेजारी नेऊन द्यावी. शेजाऱ्यांच्या मांडवावरही तीच गर्दी, त्यामुळे त्यांच्याकडूनही पिशवीभर तवशी घरात येतातच. त्यात पाऊस असा, की दोन दिवस मांडवाखाली जाणं झालं नाही तर पानांआड एखादं गुपचूप वाढत राहतं. भाद्रपदात पानं पिवळी पडू लागली की ते दिसतं. हातभर लांब, जडशीळ, हिरवेपणा सोडून तांबूस-पिवळं झालेलं, सालीवर बारीक जाळी उमटलेलं.

हे जून तवसं कोशिंबिरीला चालत नाही. गर आंबटसर लागतो आणि बिया टणक झालेल्या असतात. पण धोंडस, म्हणजे तवसं, गूळ आणि तांदळाच्या रव्याचा भाजलेला गोड केक, करायला असंच तवसं लागतं. रत्नागिरीकडे धोंडस म्हणतात, गोव्याकडे तवसळी. करण्यात घरोघरी थोडाफार फरक असतो. कोणी आलं घालतं, कोणी वेलची, कोणी तळाशी हळदीचं पान. मला हळदीच्या पानाचा वास सगळ्यांत प्रिय आहे.

देठाकडचा भाग कापून आधी चाखायचा, कारण काकडीचा कडूपणा देठाशी आणि सालीखाली जास्त असतो. मग साल काढायची, बिया खरवडून बाजूला ठेवायच्या, टाकायच्या नाहीत. गर किसायचा. धुऊन वाळवलेल्या तांदळाचा जाडसर रवा तुपावर खमंग भाजायचा. एक वाटी रव्याला दोन वाट्या कीस, वाटीला थोडा कमी गूळ, ओलं खोबरं, चवीपुरतं मीठ, चिमूटभर हळद, हाताशी असतील तर ओले काजू. कीस आणि गूळ एकत्र शिजायला ठेवले की पातेल्यात बघता बघता रस सुटतो. आजी शेजारी बसून सांगायची, ‘‘पाणी घालू नको गो, तवसंच देईल.’’ काकडीत शंभरात पंचाण्णव भाग पाणी. त्यात गूळ आणि मीठ पडलं की ते बाहेर येतंच. तेवढ्याच रसात रवा फुलतो.

मग तूप लावलेल्या जाड बुडाच्या टोपात ते ओतायचं, खाली मंद निखारे, वर झाकण आणि झाकणावरही निखारे. गावाकडे ओव्हन येण्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या घरांत भाजण्याची ही रीत आहे. यीस्ट नाही, मैदा नाही, आंबवणं नाही. तांदळात ग्लुटेन नसतं, म्हणून गव्हाच्या पावासारखी जाळी इथे धरत नाही. तवशाचं पाणी पिऊन फुगलेला तांदूळच सगळं बांधून ठेवतो. दोन्ही बाजूंनी गूळ करपायच्या जरा आधीचा रंग येतो आणि घरभर वास सुटतो. पोरं तेव्हापासून सुरी घेऊन तयार असतात, पण गरम धोंडसाची वडी पडत नाही, भुगा होतो. पुरतं निवू द्यावं लागतं. वर लोणकढं तूप घ्यावं, किंवा नारळाचं दूध.

अमेरिकेत उन्हाळाअखेरीला परसातल्या झुकिनीचं असंच होतं. तिथे ८ ऑगस्टला शेजाऱ्याच्या ओसरीवर गुपचूप झुकिनी ठेवून येण्याचा दिवस गमतीने पाळतात. उरलेली किसून, खायचा सोडा घालून तिचा ब्रेड भाजतात. तिथल्या मराठी घरांतही तो भाजला जातो, आणि थालीपिठातही झुकिनी जाते. झुकिनी काकडीच्याच कुळातली, मोठी झाली की तिच्यातही पाणीच पाणी. तरीही धोंडसाची एक गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते.

ती म्हणजे त्या बाजूला ठेवलेल्या बिया. कोवळ्या काकडीतलं बी रुजत नाही. ते धरतं फक्त वेलावर जून झालेल्या तवशात. म्हणजे ज्या दिवशी धोंडस भाजलं जातं, त्याच दिवशी पुढच्या पावसाळ्याचं बियाणं हाती येतं. आजी बिया धुऊन राखेत चोळायची, सावलीत वाळवायची आणि फडक्यात बांधून चुलीवरच्या फळीवर ठेवायची. कोरडं राहिलं तर असं बी चार-पाच वर्षंही उगवतं. पाकिटातल्या संकरित बियांचं तसं नाही. त्यांच्या फळातलं बी पेरलं, तर पुढचं तवसं आधीच्यासारखं निघेलच असं नाही. धोंडस मागे पडलं तसं घरात बी राखणंही मागे पडलं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. बाजारात मिळते ती कोवळी काकडी. तिच्यावर गोड खाणं भागेल, पण वेल उगवणार नाही.

सुरुवातीलाच तवशी जून होऊ दिली तर वेल नवी फळं धरायचं कमी करते. म्हणून आधी भरपूर तोडा, खा, वाटा. भाद्रपदात मात्र आपल्या मांडवावरची सगळ्यांत निरोगी वेल बघून तिच्यावरची दोन तवशी राखून ठेवा. धोंडस करा, आणि बिया शेजारीही द्या.