चांदोलीचा पाचोळा

बत्तीस शिराळ्याहून वारणाकांठानें पश्चिमेस गेलें म्हणजे ऊस मागें पडतो व चांदोलीचें रान लागतें. २००४ पासून तें राष्ट्रीय उद्यान आहे. फाल्गुनांत आम्हीं तेथला पाचोळा काठीनें उकरून पाहिला. वर कोरडें पान, त्याखालीं नुसती शिरांची जाळी, तळाशीं काळी माती. वाळवी, गांडुळें व बुरशी यांनीं पानांतील नत्र, स्फुरद सोडवून पुनरपि मुळांच्या स्वाधीन केले होते. त्या रानास खताची गोणी ठाऊक नाहीं!

परततांना शिवारांत उसाचें पाचट पेटलेलें दिसलें. त्यांतील बहुतेक नत्र धुरावाटे जातो. मागाहून तोच आपण पैसे मोजून आणतों. आम्हींहि वर्षानुवर्षें पेटविलेंच. यंदा खोडव्यांत पाचट आंथरूं म्हटलें, तर धाकटे बंधु म्हणाले, “उंदीर होतील, मागोमाग साप येतील.” नागपंचमीच्या गांवीं हें भय! तूर्त अर्ध्या सऱ्यांतच आंथरलें आहे.