झाकण नसलेले भांडे

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी मुलाने घरी मायक्रोवेव्ह ओव्हन आणून ठेवला. त्याची आई सूर्यास्तापूर्वी जेवते. दुपारचा स्वयंपाक संध्याकाळी पुन्हा गॅसपाशी उभे राहून गरम करणे तिच्या गुडघ्यांना झेपत नाही, हे त्याने एका सुट्टीत पाहिले होते. ओव्हन आला खरा. परंतु त्यात ठेवण्याजोगे एकही भांडे आमच्या घरात नव्हते. अडतीस वर्षांच्या संसारात जमलेले सारे पितळेचे, तांब्याचे आणि स्टीलचे, आणि धातूला त्या पेटीत मज्जाव. आठ दिवस त्या नव्या यंत्रावर वर्तमानपत्रे ठेवली जात होती.

स्टेशनाजवळच्या दुकानात काचेच्या तीन भांड्यांच्या संचाची किंमत विचारली आणि मी मुकाट्याने बाहेर आलो. पैसे नव्हते असे नाही. परंतु आयुष्यभर इतरांच्या खर्चाचे ताळेबंद तपासलेल्या माणसाला वरण गरम करण्यासाठी तेवढी रक्कम मोजणे जड गेले. तेव्हा जुन्या सामानाच्या दुकानांकडे पावले वळली.

आमच्या पिढीला जुन्या वस्तूंचे वावडे नव्हते. बार्शीला आमच्या घरी महिन्या-दोन महिन्यांनी बोहारीण येई. आई जुनी लुगडी, वडिलांची विरलेली धोतरे पुढे टाकी आणि दोघींमध्ये तासभर वाटाघाटी चालत. एका पातेल्यासाठी चार साड्या की पाच, या प्रश्नावर बोहारीण दोनदा उठून जाई आणि दोनदा परत येई. फुटके पितळ तांबट वजनावर घेत असे. त्यात घट किती धरायची यावर वडील अडून बसत. भांडी मोडीत निघाली तरी त्यांवर कोरलेली नावे आई आधी वाचून घेई, कारण ते भांडे कोणी कोणत्या मंगलकार्यात दिले याची तिच्या दृष्टीने तीच नोंदवही होती. ही देवघेव कोणी कमीपणाची मानीत नसे. कमीपणा मला वाटला तो नोकरी लागल्यावर, इस्त्रीचा शर्ट अंगात चढल्यावर.

मांजर्लीत राहणाऱ्यांना जुन्या सामानाचा आणखी एक अनुभव आहे. २६ जुलै २००५च्या पावसात बदलापुरात पाणी शिरले होते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदी पुन्हा पात्राबाहेर आली. वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून पडली आणि तिच्यातील हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले, ते सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिलेच. आमचे घर तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या कडेला गाद्या, फ्रीज, फुगलेली कपाटे यांच्या राशी लागल्या आणि त्यांच्यामधून भंगारवाले फिरू लागले. सांगतील तो भाव लोकांनी मान्य केला. कपाट घरात ठेवायला जागा नाही आणि फेकायला माणूस मिळत नाही, अशा वेळी घासाघीस कोण करणार? आमची पितळेची भांडी मात्र चिंचेने घासल्यावर पुन्हा जशीच्या तशी झाली. चिनी मातीच्या दोन बरण्या हिने स्वतः फोडून टाकल्या. चिरा पडलेल्या मुलाम्यात ते पाणी मुरले असेल, असे तिचे म्हणणे होते. ते चुकीचेही नव्हते.

भांडी धुंडाळताना नेमका हाच मुद्दा उपयोगी पडला. जुने भांडे घ्यायचे तर त्यात पूर्वी काय शिजले, हा आपल्या घरांतील पहिला प्रश्न. हिने तो विचारला तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते मी वाचून मिळवले. काच अंगात काही मुरू देत नाही. सोडा घालून उकळत्या पाण्याने धुतली की तिच्यात पूर्वीच्या अन्नाचा अंश राहत नाही. चिनी मातीचा मुलामा अखंड असेल तोवर ठीक. त्यावर केसासारख्या रेषा उमटल्या की आतली माती तेल आणि रंग शोषून घेते. असे भांडे कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. आणि बोन चायना हे नाव ज्यांनी नुसते प्रतिष्ठेचे म्हणून ऐकले असेल त्यांनी त्याचा अर्थही लक्षात घ्यावा. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रूढ झालेल्या या मातीत जनावरांच्या हाडांची राख असते, तीही चिमूटभर नव्हे, साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक. आपल्या कित्येक घरांत लग्नात आलेले असे चहाचे संच काचेच्या कपाटात मानाने बसलेले मी पाहिले आहेत. जुन्या बाजारात ते फार स्वस्त दिसतात. बशी उलटी करून तळाचा शिक्का वाचावा. दुधी काचेची भांडी दिसायला तशीच असतात, पण ती निव्वळ काच. त्यांत हाडांचा संबंध नाही. त्यांच्या काठावर सोनेरी रेघ मात्र नसावी, कारण ती रेघ धातूची असते आणि ओव्हनमध्ये ठिणग्या उडतात.

उल्हासनगरला मी तीन वेळा गेलो. फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधवांना लष्कराच्या रिकाम्या बराकी मिळाल्या आणि त्या कल्याण कॅम्पचे १९४९ साली उल्हासनगर झाले. राखेतून व्यापार उभा करणारे गाव आहे ते. मला त्याच्याविषयी आदर आहे. तेथील मालावरच्या ‘मेड इन यूएसए’चा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सर्वांनी लोकलमध्ये ऐकलेला आहेच. त्यामुळे ताटाच्या तळाशी ‘मायक्रोवेव्ह सेफ’ छापलेले पाहून मी लगेच विश्वास ठेवला नाही. मेलामाईनचे एक सुंदर ताट त्याच शिक्क्यासह हाती आले होते. मेलामाईन ओव्हनमध्ये वापरू नये, एवढे मला तोवर कळले होते.

शंका असेल तर परीक्षा सोपी आहे. रिकामे भांडे ओव्हनमध्ये ठेवावे, शेजारी काचेच्या पेल्यात पाणी ठेवावे आणि मिनिटभर यंत्र चालवावे. पाणी तापले व भांडे गार राहिले तर भांडे चालेल. भांडेच तापले तर ते परत. अर्थात परत घेणारा दुकानदार आधी ठरवून ठेवावा लागतो. धातूच्या रेघेचे भांडे मात्र या परीक्षेलाही बसवू नये. काचेच्या भांड्याचा काठ बोटाने फिरवून पाहावा. टवका गेलेला असला तर उष्णतेने तडा तेथूनच सुरू होतो. गरम काच ओल्या ओट्यावर ठेवू नये, हे मी सांगूनही आमच्याकडे एकदा घडले. त्या भांड्याचे साठ रुपये खर्ची टाकले.

असे तीन वाडगे आणि एक उथळ तबक जमले. वरण-भातासाठी मोठे खोल भांडे हवे होते. ते मिळाले मांजर्लीतच, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. एका कुटुंबाचे कापडाचे दुकान बंद झाले होते आणि ती मंडळी घर आवरून गावी निघाली होती. निरोप सोसायटीच्या मोबाइलवरील गटात आला. गेलो तर बैठकीच्या खोलीत सतरंजीवर सारा संसार मांडलेला. चाळिशीची ती ताई वही घेऊन बसली होती. जाड काचेचे, दोन लिटरचे, एकही ओरखडा नसलेले भांडे तिने मला दाखवले.

‘‘किती ताई?’’

‘‘चारशे द्या काका. नवीन घेतलं तेव्हा बाराशेचं होतं.’’

‘‘झाकण?’’

‘‘झाकण फुटलं.’’

‘‘मग काय उपयोग? अडीचशे.’’

तिने क्षणभर भांड्याकडे पाहिले आणि मान हलवली. मी अडीचशे मोजले.

घरी येऊन मी विजयी स्वरात हकिगत सांगितली. हिने भांडे उजेडात धरून फिरवले, धुऊन पालथे घातले आणि पुसता पुसता म्हणाली, ‘‘अहो, पुरात आपलं कपाट त्या माणसानं दीडशेला नेलं, तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता नीट.’’

मी वसुली विभागात अकरा वर्षे काढली आहेत. तारण मालाच्या याद्या केल्या आहेत, कुलपांवर मोहरा लावल्या आहेत. मिटत आलेल्या दुकानात माणूस भावावर का अडून बसत नाही, हे मला कोणी शिकवायला नको होते. तरीही त्या सतरंजीसमोर मी बोहारणीशी बोलावे तसा बोललो होतो. फरक एवढाच की बोहारीण उठून जाऊ शकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दीडशे रुपये घेऊन गेलो. खोली निम्मी रिकामी झाली होती. भांड्याला झाकणाची गरज नव्हती, ताटलीने काम भागते, असे काहीसे मी म्हणालो. ती हसली नाही, संकोचलीही नाही. तिने वही उघडली, कालच्या पानावर बोट फिरवून काचेच्या भांड्याची ओळ शोधली, २५० वर एक आडवी रेघ ओढून शेजारी स्वच्छ अक्षरात ४०० लिहिले आणि खालची बेरीज दुरुस्त केली. मग पैसे मोजून घेतले. मोठ्या दुकानाच्या घरात वाढलेली होती, हे त्या बेरजेच्या रीतीवरून कळत होते.

‘‘चहा घ्या काका, गॅस अजून आहे,’’ ती म्हणाली. मी घेतला.

भांडे रोज वापरात आहे. हिची जुनी सवय मात्र जात नाही. वरण आत ठेवताना ती अजूनही वर स्टीलची ताटली झाकते, आणि कळ दाबण्यापूर्वी मी ती काढून चिनी मातीची बशी ठेवतो.