आडवाटेची परियट

जबलपूरचे नाव काढताच मराठी पाहुण्याच्या डोळ्यांपुढे भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधार उभे राहतात. त्याला परियट दाखवावयास न्यावे, तर तो आमच्या रसिकतेविषयी साशंक होतो. खमरियाची आयुध निर्माणी १९४२ साली उभी राहिली आणि बदलीच्या हुकमांत या गावाचे नाव येऊ लागले. जवळून वाहणाऱ्या या नदीला मात्र परगावी कोणी ओळखत नाही.

परियट पूर्वेकडच्या टेकड्यांतून येते. वाटेत बांध घालून तिचे पाणी अडविले आहे आणि जबलपूर शहर ते पीत आले आहे. बांधाच्या खाली तिच्या डोहांत मगरी राहतात, आणि काठच्या गोठ्यांचे शेणपाणीही तिच्यातच येऊन पडते. तिची ही दैना आम्ही झाकू इच्छीत नाही.

परंतु आम्हांस नवल वाटते ते तिच्या वाटेचे. नर्मदा दक्षिणेला काही कोसांवर असताना ही पश्चिमेकडे वळते आणि कुंडमहून निघालेल्या हिरण नदीला मिळते. हिरण आपला १८८ किलोमीटरांचा प्रवास संपवून सांकल गावाजवळ उजव्या तीराने नर्मदेत शिरते. भेडाघाट तोवर मागे राहिलेला असतो. परिक्रमावासी नर्मदा ओलांडीत नाही. उत्तर तटावर हिरण मात्र त्याला ओलांडावीच लागते. त्या पाण्यात आमच्या परियटचाही वाटा असतो.

पुढे हे पाणी नंदुरबार जिल्ह्याची कड गाठते. एवढ्या लांबच्या प्रवासात महाराष्ट्र त्याला भेटतो तो तेवढाच, आणि तोही एकाच तीरावर. तेथे आता सरदार सरोवराचा फुगवटा आहे. मणिबेलीसारख्या गावांची घरेदारे त्याने घेतली. पाणी तेथे थबकते आणि मग गुजरातेतून भडोचकडे, समुद्राला जाते. रजेवर देशी गेलेल्या आम्हां नोकरदारांची गत याहून फारशी निराळी नाही. चार दिवस थबकावे, आणि रजा सरली की गाडी धरावी.

आमच्या मुलांना कोणी गाव विचारले, तर ती खमरिया म्हणतात. घरातील वडीलधारी मंडळी ऐकून गप्प होतात. आम्ही उत्तर दुरुस्त करीत नाही. भिंतीवरच्या नकाशावर मुलांचे बोट धरून परियटपासून नंदुरबारपर्यंत नेतो, आणि वाटेतली नावे त्यांच्याकडून म्हणवून घेतो.