एलईडीला उजेड दिसतो

टीव्ही-रेडिओच्या दुकानात एलईडीला काही किंमत नसते. जुन्या बोर्डांवरून काढलेले लाल-हिरवे एलईडी डबीत पडून असतात, नवा घ्यायचा तर रुपया-दोन रुपयांचं काम. चुडाव्यात माझं रिपेरिंगचं दुकान आहे आणि त्याचं तोंड उगवतीला असल्यामुळं सकाळचं ऊन सरळ काउंटरवर येतं. अशाच एका सकाळी पारदर्शक डोक्याचा एक लाल एलईडी तपासायला घेतला होता. मीटरच्या पिना त्याच्या पायांना लागलेल्या, मीटर व्होल्टवर, आणि आकडा आला १.४ च्या आसपास. सेल नाही, अडॉप्टर नाही, गावात त्या वेळी लाइनही नव्हती. एलईडीवर हात आडवा धरला की आकडा घसरायचा, हात काढला की पुन्हा वर.

आयुष्यभर ज्याला पेटवायचं म्हणूनच हातात घेतलं, तो एलईडी उन्हाकडून वीज घेत होता. त्यानंतर मी या गोष्टीच्या मागंच लागलो.

का होतं ते समजायला अवघड नाही. एलईडी हा डायोड आहे, दोन थरांचा सांधा. वीज सोडली की त्या सांध्यात इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खाली उतरतात आणि तेवढी ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. बाहेरून पुरेशा ऊर्जेचा प्रकाश आत गेला तर तोच इलेक्ट्रॉन वर ढकलला जातो आणि तारेत वीज मिळते. छपरावरचं सोलर पॅनल हेच करतं. एलईडीच्या आतली चिप मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी, म्हणून तिच्याकडून मिळणारी वीजही तेवढीच किरकोळ.

ही किरकोळ वीज मोजायची कशी, यात खरी गंमत आहे. व्होल्टवर मोजून भागत नाही. थोड्या उजेडातच व्होल्ट भराभर चढतात आणि मग अडून बसतात. ऊन निम्मं झालं तरी आकडा जरासाच उतरतो. करंट मात्र उजेडाच्या प्रमाणात चालतो. उजेड निम्मा तर करंट निम्मा. म्हणून मीटर २०० मायक्रोअँपच्या रेंजवर ठेवायचा आणि एलईडी थेट त्याला जोडायचा. भर उन्हात सूर्याकडं तोंड केलेला ५ मिलिमीटरचा एलईडी काही मायक्रोअँप सहज देतो. सावलीत मामला वेगळा. आपल्याकडं सगळ्यांजवळ असतो तो स्वस्तातला पिवळा मीटर व्होल्टच्या रेंजवर आतून १० लाख ओहमचा असतो, चांगला मीटर १ कोटीचा. ट्यूबलाइटच्या उजेडात एलईडी इतकी थोडी वीज देतो की पिवळा मीटर ती स्वतःच पिऊन टाकतो. उजेड तोच, एलईडी तोच, पण दोन मीटर दोन आकडे सांगतात. आपण जे मोजतो त्यात मीटरचाही वाटा असतो, हे मला दुकानात बसून एलईडीनं शिकवलं.

मग रंगांचा खेळ सुरू केला. ठिबकची १६ मिलिमीटरची काळी नळी आमच्याकडं कुठल्याही बांधावर सापडते. तिचा बोटभर तुकडा घ्यायचा, दोन्ही तोंडांनी एकेक एलईडी टेप गुंडाळून समोरासमोर बसवायचा, म्हणजे बाहेरचा उजेड आत येत नाही. एकाला सेल जोडून पेटवायचा, दुसऱ्याला मीटर. हिरवा पेटवला तर समोरचा लाल एलईडी वीज देतो. उलट केलं, लाल पेटवून समोर हिरवा ठेवला, तर मीटर शून्याला चिकटून राहतो. लाल कितीही प्रखर करा, हिरव्याला तो दिसतच नाही. लाल प्रकाशाच्या कणात साधारण १.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते, हिरव्यात २.३, निळ्यात २.७. हिरव्या एलईडीचा उंबरठा लाल कणाला ओलांडताच येत नाही. म्हणजे प्रत्येक एलईडीला त्याचा स्वतःचा रंग आणि त्याहून जास्त ऊर्जेचा थोडाफार प्रकाश दिसतो, बाकी त्याच्यासाठी अंधार. पांढरा एलईडी या कामाला सगळ्यांत निरुपयोगी, कारण तो आतून निळाच असतो आणि वरचा पिवळा लेप त्याच्या वाट्याचा उजेडही खातो.

उजेड ओळखायला बाजारात मिळणाऱ्या एलडीआरला असा रंग निवडता येत नाही. फोटोडायोडला निवडायला लावायचं तर पुढं फिल्टर हवा, आणि चांगला फिल्टर महाग. रुपयाच्या एलईडीत सेन्सर आणि फिल्टर दोन्ही येतात.

माझी भाची नांदेडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते, रेल्वेनं जाऊन-येऊन. सुट्टीच्या दिवशी ती अर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, घेऊन दुकानात येऊन बसते. माझी नळी आणि मीटर बघून म्हणाली, "मामा, करंट नका मोजू. एलईडी उलटा जोडायचा."

"उलटा जोडल्यावर पेटल कसा?"

"पेटवायचा नाही. भरायचा."

एलईडीचे दोन्ही पाय तिनं अर्डुइनोच्या दोन पिनांना लावले, मधे एक रेझिस्टन्स. आधी उलट्या दिशेनं ५ व्होल्ट दिले. सांध्यात काही पिकोफॅरड इतकी कपॅसिटी असते, ती क्षणात भरते. मग व्होल्ट देणारी पिन तिनं मोकळी सोडली, म्हणजे द्यायचं बंद करून नुसतं बघायला लावली. भरलेला माठ झिरपावा तसा तो भार उजेडामुळं सांध्यातून झिरपतो, आणि पिन एकवरून शून्यावर यायला किती वेळ लागला तेवढा अर्डुइनो मोजतो. उजेड जास्त तर वेळ कमी. काउंटरवरच्या उन्हात आकडा अगदी बारीक यायचा. शटर खाली ओढलं की इतका वाढायचा की थांबून वाट बघावी लागायची. इतका किरकोळ करंट माझ्या कुठल्याच मीटरला दिसला नसता. ही रीत पॉल डिएट्झ, विल्यम येराझुनिस आणि डॅरन ली या मित्सुबिशीच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतल्या तिघांनी २००३ साली मांडली. त्यांचं म्हणणं असं, की यंत्रांवर जो एलईडी नुसता 'चालू आहे' सांगायला बसवलेला असतो, तोच उजेड मोजू शकतो आणि दुसऱ्या एलईडीशी उजेडानं बोलूही शकतो, वेगळा पार्ट न लावता. भाचीनं त्यावरून एक दिवा केला: एकच एलईडी क्षणभर पेटतो, क्षणभर बघतो, इतक्या लवकर की डोळ्याला तो सलग पेटलेलाच वाटतो. खोलीत अंधार झाला की तो आपोआप वाढतो. तो आमच्या घरी देव्हाऱ्याजवळ लावलेला आहे.

पण माझं मन बसलं ते उन्हावर. फॉरेस्ट मिम्स नावाचे अमेरिकेतले लेखक आहेत; हौशी इलेक्ट्रॉनिक्सवर त्यांनी लिहिलेली पुस्तकं जगभरच्या पोरांनी वाचली. विज्ञानातली पदवी त्यांच्याकडं नाही. १९९० पासून ते टेक्ससमधल्या आपल्या घराजवळ एलईडी लावलेलं यंत्र सूर्यासमोर धरून हवेतली धूसरता मोजत आले. १९९२ साली 'अप्लाइड ऑप्टिक्स' या शोधपत्रिकेत त्यांनी त्याची रीत छापली, आणि पुढं 'ग्लोब' या शाळांसाठीच्या जागतिक कार्यक्रमात पोरांच्या हातात असंच यंत्र गेलं. महागडे फिल्टर काही वर्षांत खराब होतात, एलईडी टिकतो, हे त्यामागचं मोठं कारण.

माझं यंत्र म्हणजे ठिबकच्याच नळीचा वीतभर तुकडा, मागच्या टोकाला एलईडी, खाली मीटर. सूर्याकडं बघायचं नाही, कधीच नाही. नळीची सावली बघायची. ती आखडून नुसती गोल चकती राहिली की नळी बरोबर सूर्यावर लागली. एक लाल, एक हिरवा, असे दोन आकडे वहीत लिहायचे. शेजारी एक सरळ काठी रोवायची. काठीची सावली काठीच्या १.७३ पट असली की सूर्य ३० अंशांवर असतो आणि ऊन दुप्पट हवेतून येतं. माथ्यावर असला की एकपट. आमच्याकडं मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटाकडं सूर्य खरोखर माथ्यावर येतो, काठीला सावलीच उरत नाही. निवळ सकाळी सूर्य चढताना आकडे घेत गेलं, त्यांचा लॉगॅरिदम हवेच्या थरासमोर कागदावर मांडला आणि रेघ ओढली, की ती रेघ मागं वाढवून हवा मुळीच नसती तर एलईडीनं काय दाखवलं असतं ते सापडतं. लँग्लीची रीत म्हणतात तिला. चुडाव्यात बसून हवेच्या बाहेरचं ऊन मोजता येतं, हे मला अजूनही थोर वाटतं.

रोजचा आकडा त्या आकड्याशी ताडायचा. जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या जवळ असते, ऊन जुलैपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी जास्त, तेवढी दुरुस्ती करावी लागते. शिवाय एलईडी तापला की त्याचं वागणं बदलतं, म्हणून आकडा घ्यायच्या वेळेपर्यंत नळी सावलीत ठेवायची. एवढं पाळलं की वही बोलायला लागते. हिवाळ्यात पऱ्हाट्या आणि उसाचं पाचट पेटवतात, तेव्हा हिरव्याचा आकडा लालपेक्षा जास्त घसरतो. धुराचे कण बारीक, ते आखूड तरंगलांबीचा प्रकाश जास्त अडवतात. उन्हाळ्यातल्या वावटळीच्या दिवसांत दोन्ही जवळजवळ सारखेच घसरतात, कारण मातीचे कण मोठे. सगळ्यांत वरचे आकडे भाद्रपदातल्या उघडिपीचे, पाऊस हवा धुऊन गेल्यावरचे. धूर की धूळ, हे आभाळ बघून सांगता येत नाही. दोन एलईडी सांगतात.

सध्या मी तिसऱ्या कामात आहे. टीव्हीच्या रिमोटच्या तोंडाशी जो एलईडी असतो तो ९४० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. नेमका त्याच्या आसपासचा प्रकाश पाण्याची वाफ शोषून घेते. सीसीटीव्ही कॅमेऱ्यात रात्रीसाठी ८५० नॅनोमीटरचे एलईडी असतात, त्या प्रकाशाला वाफ फारशी हात लावत नाही. बिघडलेले रिमोट आणि जळालेले कॅमेरे दुकानात रग्गड. दोन नळ्या शेजारीशेजारी बांधायच्या आणि पहिल्याच्या आकड्याला दुसऱ्यानं भागायचं. भागाकार उतरला म्हणजे डोक्यावरच्या हवेत वाफ वाढली. मिम्स यांनी अशाच एलईडींनी १९९० ते २००१ या काळातली दक्षिण टेक्ससवरची वाफ मोजून 'जिओफिजिकल रिसर्च लेटर्स'मध्ये छापली आहे.

आमच्याकडं मार्चमधला भागाकार आणि रोहिणीतला भागाकार यांत स्पष्ट फरक दिसतो. मृग लागायच्या आधीच वाफ येऊन बसलेली असते, आणि कित्येकदा मृग कोरडाच जातो. वाफ आहे, तिला वर उचलून थंड करणारं काही नाही; ढग येतात आणि निघून जातात. आमच्या भागात पाऊस हुलकावणी देतो म्हणतात, त्यातला हा एक भाग आकड्यांत दिसतो.

दुकानासमोर नळी धरून उभा राहिलो की शेतकरी थांबतात. गेल्या रोहिणीत एक आजोबा, सोयाबीनचं बी घरात आणून ठेवलेलं, विचारत होते, "काय म्हणायलंय तुमचं यंत्र? पेरावं का?"

"आबा, हे वाफ सांगतं, पाऊस नाही. परभणीचं कृषी विद्यापीठ सांगतं तसं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडू द्या, ओल खाली जाऊ द्या, मग पेरा."

त्यांनी नळी हातात घेतली, सावली गोल होईपर्यंत नीट धरली आणि आकडा मला मोठ्यानं वाचून दाखवला. तो मी वहीत त्या दिवसाच्या रकान्यात लिहिला.