प्यादं वजीर होतं तेव्हा

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. ताईने फोनवर विचारलं, "तुमच्याकडे म्हणे सोंगट्या आपोआप चालतात?" चालतात. पुन्हापुन्हा सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

आमच्या घरात बुद्धिबळ लग्नापासून आहे. १९७४ साली बंगळुरूला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि ती वासंती खाडिलकरांनी जिंकली. पुढे जयश्री आणि रोहिणी या बहिणीही राष्ट्रीय विजेत्या झाल्या. त्या दिवसांत परभणीसारख्या गावी सुनेने सासऱ्यांसमोर पट मांडायचा म्हणजे जरा धाडसच होतं, पण खाडिलकर भगिनींचं नाव घेतलं की सासरे गप्प बसत. आम्ही दोघं रोज रात्री जेवणानंतर एक डाव खेळायचो. शाळेच्या परीक्षा असोत की लोडशेडिंग, डाव चुकला नाही.

मग ह्यांना काचबिंदू झाला. हा आजार मोठा लबाड. बाजूची नजर आधी जाते, समोरचं दिसत राहतं, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. २०२२ पर्यंत ह्यांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

अंधांसाठी वेगळा पट मिळतो. त्यात काळी घरं किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक आणि सोंगटीला खाली खुंटी असते, म्हणजे चाचपताना डाव विस्कटत नाही. चाल तोंडाने सांगायची. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ए, बी, सी ऐवजी आना, बेला, सीझर अशी नावं घेतात, कारण बी आणि डी ऐकायला सारखेच वाटतात. आम्ही घरची नावं केली: आंबा, बोर, सीताफळ, डाळिंब, ईडलिंबू, फणस, जांभूळ, हनुमानफळ. "घोडा फणस तीन," असं मी म्हणायचे. आमचं बरं चाललं होतं. पण ह्यांना दुपारीही खेळायचं असे आणि मला दुपारी दुसरी कामं असत. "राहू दे, तुला वेळ नसेल," असं ते म्हणत, ते मला फार लागे.

नातू पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. तो सुट्टीत आला आणि म्हणाला, "आजी, आबांसाठी खेळणारा पटच करू." असा पट मुंबईच्या दोघा तरुणांनी, भव्य गोहिल आणि आतुर मेहता यांनी, केलेला आहे. २०१६ साली 'स्क्वेअर ऑफ' या नावाने त्यांनी तो जगापुढे आणला. कल्पना मुळात अंध खेळाडूंसाठीची होती, हे ऐकून मला बरं वाटलं. नातवाने मात्र विकत न घेता घरीच करायचं ठरवलं. (जगात जर्मनी, भारतात परभणी! दुसरं काय.)

पटाखाली ड्रॉवरला लावतात ते चॅनल, दोन मोटारी आणि एक विद्युतचुंबक. मोटारी चुंबकाला आडवं-उभं फिरवतात. प्रत्येक सोंगटीच्या बुडाला छोटा चुंबक चिकटवलेला, त्यामुळे वरची सोंगटी खालच्याच्या मागे घसरत जाते. चौसष्ट घरांखाली चौसष्ट रीड स्विच, म्हणजे काचेच्या बारीक नळ्या. वर सोंगटी असली की आतल्या दोन पट्ट्या चिकटतात. गंमत अशी की घर भरलंय की रिकामं एवढंच पटाला कळतं, त्यावर हत्ती आहे की प्यादं हे कळत नाही. ते त्याला डावाच्या सुरुवातीपासून लक्षात ठेवावं लागतं. हे ऐकून हे म्हणाले, "मग आमचं जमणार."

खरी अडचण पुढेच होती. यंत्राला सोंगटी घसरायला हवी आणि आंधळ्या बोटांना ती घट्ट बसलेली हवी. खुंटी लावली तर यंत्र अडणार, न लावली तर ह्यांच्या बोटांनी डाव उधळणार. काळी घरं उंच करणंही शक्य नव्हतं. आठ दिवस यावर वाद चालला. शेवटी नातवाने प्रत्येक घराखाली छोट्या लोखंडी स्क्रूचं डोकं चिकटवलं. त्यावर सोंगटी हलकेच धरून राहते, पण चुंबकाने ओढलं की सुटते. काळ्या घरांवर मी मांजरपाटाचे चौकोन चिकटवले, पांढरी गुळगुळीत ठेवली. काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर फेविकॉलने एकेक मोहरी. हे काम माझं, हे नमूद करून ठेवते.

घोड्याचं प्रकरण निराळंच. तो उडी मारतो, पण या यंत्राला उचलता येत नाही, फक्त ओढता येतं. म्हणून घोडा दोन घरांमधल्या रेषेवरून इतरांना चुकवत जातो. त्यासाठी सोंगटीचं बूड घराच्या निम्म्याहून लहान लागतं. बाजारातला संच बसेना. मग सुताराकडून सगळी बुडं कमी करून आणली.

हात असलेली यंत्रंही असतात. २०२२ मध्ये मॉस्कोत अशा यंत्राने एका सात वर्षांच्या मुलाचं बोट पकडून मोडलं. ते वाचल्यावर हात नको, चुंबकच बरा, हे मी निक्षून सांगितलं. आणि १९९७ साली कास्पारोव्हला हरवणाऱ्या डीप ब्लूला हातच नव्हते, त्याच्या सोंगट्या समोर बसलेला माणूस हलवायचा! आमच्या पटाचं डोकं म्हणजे स्टॉकफिश नावाची फुकट मिळणारी प्रणाली. स्टॉकफिश म्हणजे सुकवलेला मासा. शाकाहारी घरात हेही आलं. त्याची ताकद बरीच उतरवून ठेवली आहे.

पहिल्या दिवशी मोटार गरगरली तसे हे चमकले. "आवाज कशाचा यायलाय?" चार-पाच दिवसांत आवाजावरूनच त्यांना चाल कळू लागली. हत्ती म्हणजे सलग एक आवाज. घोडा म्हणजे छोटा, लांब, छोटा. तरी खात्रीसाठी यंत्राने बोलावं असं ठरलं. नातवाने मोबाईलवर माझाच आवाज भरून घेतला: आठ फळं, आठ आकडे, सहा सोंगट्या, शह आणि मात. आता दुपारी मी स्वयंपाकघरात भाजी निवडत असते आणि बाहेर मीच म्हणत असते, "उंट सीताफळ चार." पहिले काही दिवस मला ते नकोसं झालं होतं. आपली जागा आपल्याच आवाजाने घेतली, असं काहीतरी. ह्यांना तसं बोलले नाही. रात्रीचा डाव अजून माझ्याशीच असतो, पण आता ते जास्त जिंकतात. दिवसभर सराव असतो ना.

एक गोष्ट मात्र यंत्राला अजून जमत नाही. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्याचा वजीर व्हायला हवा, आणि मारला गेलेला वजीर तर पटाबाहेर डब्यात असतो. तिथपर्यंत चुंबक पोचत नाही. मग मोटार थांबते आणि बाहेरून हाक येते, "अगं, येतेस का जरा?" परवा अशीच हाक आली. कणकेचे हात धुऊन गेले, तर प्यादं यंत्राचं होतं. डब्यातून मोहरीवाला वजीर काढून हनुमानफळ एकवर ठेवला. ह्यांनी तो बोटांनी चाचपला, जरा वेळ गप्प बसले, आणि म्हणाले, "ठेवलास का? बरं. आता बस इथंच, हरतोय कसा ते बघ."