चंद्राच्या विकला

चंद्रगणित अधिक अचूक करायचे म्हटले की प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा हात आधी दुरुस्तीच्या पदांच्या तक्त्याकडे जातो. त्याला कारणही आहे. सूर्याच्या ओढीमुळे चंद्राची कक्षा सतत डळमळते. नुसते लंबवर्तुळ धरले तर चूक अंशाच्या घरात जाते. झाँ मेउस यांनी १९९१च्या पुस्तकात दिलेली साठेक पदे ही चूक भोगांशात सुमारे १० विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आणतात. मग आणखी शंभर पदे घालावीत, असे वाटणारच. पण माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: घड्याळ आणि निरीक्षकाची जागा. चंद्र सेकंदाला साधारण अर्धी विकला सरकतो. गणितातला काळ एकसारखा वाहतो. आपले घड्याळ मात्र पृथ्वीच्या अनियमित फिरण्याला बांधलेले आहे. दोन्हींत सध्या सुमारे ६९ सेकंदांचे अंतर आहे. ते विसरले तर ३८ विकलांची चूक होते आणि वाढवलेल्या पदांची सगळी मेहनत तिच्याखाली बुडते. निरीक्षक पृथ्वीच्या केंद्रात नसून पृष्ठभागावर असल्याने पडणारा फरक, म्हणजे लंबन, तर याहून कितीतरी मोठे. क्षितिजावरचा चंद्र भूकेंद्रीय स्थानापेक्षा जवळजवळ एक अंश खाली दिसतो, म्हणून लंबन न धरता काढलेला संकष्टीचा चंद्रोदय सुमारे चार मिनिटे आधीचा येतो. सूर्यसिद्धांतातही सूर्यग्रहणासाठी लंबनाचे गणित आहे. आजच्या प्रोग्रॅममध्ये ते राहून जावे, हे मला खटकते.

यावर कोणी म्हणेल, नासाच्या जेपीएलची डीई४४० ही ग्रह-चंद्रांच्या स्थानांची फाइल घ्या, काम झाले. ती जरूर घ्यावी. १९६९पासून चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर सोडून केलेली मोजमापे तिच्यामागे आहेत. परंतु ती चंद्राचे स्थान एकसारख्या काळात देते. पृथ्वी पन्नास वर्षांनी नेमकी किती फिरलेली असेल, हे तिच्यातून कळत नाही. पुढचा आक्षेप असा, की डोळ्यांनी पाहणाऱ्याला विकलांचे काय? चंद्रोदयासाठी फारसे काही नाही, हे मान्य. पण चंद्राच्या कडेला घासून जाणारे ताऱ्याचे पिधान (ताऱ्याचे चंद्राआड जाणे) टिपायचे असेल, तर चंद्राच्या अंतरावर एक विकला म्हणजे जवळपास १.९ किलोमीटर. तेवढ्या चुकीने दुर्बीण भलत्याच गावात मांडली जाईल, शिवाय तिथे चंद्राच्या कडेवरचे डोंगरही हिशेबात धरावे लागतात. म्हणून आपला प्रोग्रॅम जेपीएलच्या होरायझन्स या ऑनलाइन सेवेशी ताडताना आधी भूकेंद्रीय स्थान, मग स्थानिक स्थान आणि शेवटी वक्रीभवनासह उदयाची वेळ, असे टप्पे वेगवेगळे तपासा. फरक कोणत्या टप्प्यावर येतो ते कळेपर्यंत एकही नवे पद घालू नका.